शब्दांची चिरफाड

शस्त्रक्रियांच्या नावांकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहतच नाही, ही टीकाकारांविषयी आमची जुनी तक्रार आहे. 'कोलेसिस्टेक्टमी' हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पहिली चारही अक्षरे गुरू! मंदाक्रांता सुरू झाली असे समजून आपण मांडी ठोकून बसतो, आता पाच लघू धावत येणार म्हणून वाट पाहतो, तोच 'क्टमी' म्हणून कवी पसार.

अर्थाने फोडायचा, तर कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक् (आकडा नव्हे) म्हणजे बाहेर आणि टमी म्हणजे कापणे. पित्ताची पिशवी कापून बाहेर! इतकी सरळ गोष्ट. पण जीभ अर्थापाशी थांबेल तर ना! 'सिस्ट'मधला ट ती उचलते आणि पुढच्या 'एक्'ला चिकटवते. को-ले-सिस्-टेक्-ट-मी. शिवाय सगळा जोर त्या 'टेक्'वर. शब्दकोशातली ही फोड पाहून अर्थ शोधायला जाल, तर 'टेक्' हा अवयव पोटात नेमका कुठे असतो, हे विचारत हिंडाल.

खरा मामला शेपटीचा आहे. कोलॉटमी, कोलॉस्टमी, कोलेक्टमी. पहिलीत मोठे आतडे नुसते चिरून उघडतात, दुसरीत त्याला पोटावर नवे तोंड करून देतात आणि तिसरीत ते, निदान त्याचा तुकडा, काढूनच टाकतात. कानाला फरक केवढा? एका 'स'चा नाही तर एका 'क'चा! आणि असली नावे संमतीच्या कागदावरून, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला, कोणीतरी एका दमात वाचून दाखवते. आमचे म्हणणे, तिथे तरी शब्द शेपटीकडून वाचावा. चिरणार की काढणार ते आधी कळू द्या, अवयव मागाहून सांगा.

बाकी शैलीत एकवाक्यता नाहीच. इंग्रज 'अपेंडिसेक्टमी' म्हणतात, अमेरिकन 'अपेंडेक्टमी'. त्यांनी अपेंडिक्सबरोबर एक अक्षरही काढून टाकले! आणि 'हर्निओऱ्हाफी'चे तर हालच. ऱ्हाफी म्हणजे शिवणे. स्पेलिंगात दोन आर आणि एक एच ऐटीत उभे, पण इंग्रज म्हणतो 'हर्निऑरफी'. ह गडप! हा शब्द आधी एखाद्या कऱ्हाडकराच्या तोंडी पडायला हवा होता.