मातीचा किल्ला आणि शेवटची परीक्षा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या पन्हाळ्यावर एक मौजेचे दृश्य दिसते. ज्या गावाला सभोवार शिवकालाहूनही जुनी तटबंदी आहे, तीन दरवाजा आहे, अंबरखान्यासारखी अजस्र धान्यकोठारे आहेत, त्या गावातली पोरे आपापल्या अंगणात विटा, गोणपाट आणि लाल माती घेऊन दुसरा किल्ला बांधायला बसतात! शाळेचा चित्रकला-मास्तर या नात्याने असे किल्ले मी पुष्कळ पाहिले आणि त्यांना बक्षिसेही दिली. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. सबंध पन्हाळा अंगणात उभा करू पाहणारा किल्ला बहुधा फसतो. त्यात तीन दरवाजा काड्याच्या पेटीएवढा होतो आणि त्यातून आत जायचा मावळा दरवाजाहून उंच निघतो. उलट, हाताशी असलेल्या चार विटा आणि घमेलेभर माती पाहून 'एवढ्यात एक बुरूज नि एक वाट होईल' असे जो पोरगा ठरवतो, त्याच्या बुरुजावर अळीव उगवले की पाहणारा तेथे घटकाभर रेंगाळतो.

यंदा हे आठवायला निमित्त झाले ते विद्यार्थ्यांच्या लघुपटांचे. चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना शेवटच्या वर्षी स्वतःचा एक छोटा चित्रपट करून दाखवावा लागतो. दहा, पंधरा, फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा. तीच त्यांची परीक्षा. आपल्याकडे कादंबरीवर लिहितात, नाटकावर भांडतात, मोठ्या चित्रपटावर तर पानाच्या ठेल्यावरही मतभेद होतात. पण या परीक्षेच्या चित्रपटांना स्वतंत्र कलाकृती समजून त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. 'पोराने पुढे मोठे काम करायच्या आधी केलेला सराव' एवढीच त्यांची किंमत. मला ही समजूत चुकीची वाटते. माझी स्वतःची परीक्षा मॅट्रिकपाशीच संपली, तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाविषयी मी बोलणे थोडे धाडसाचे आहे. पण गोष्टी लिहून पोट भरत नसले तरी गोष्ट कोठे फसते हे कळण्याइतके अनुभव पदरी आहेत.

कोल्हापूरकराने या विषयात नाक खुपसायला आणखीही एक कारण आहे. १९२० साली बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला तो कोल्हापुरात. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी उमेदवारी करीत होती. तेथे ना वर्ग होता, ना प्रमाणपत्र. पडदे रंगवता रंगवता, कॅमेरा उचलता उचलता ती शिकली आणि १९२९ साली तिने कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. पुढे १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. आणि प्रभातच्याच त्या आवारात १९६० साली सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली. म्हणजे ज्या आवारात आज विद्यार्थी आपला शेवटचा चित्रपट जुळवतात, ते आवार विनापरीक्षा शिकलेल्या कोल्हापूरकरांनी वसवलेले. या योगायोगात मला मोठी गंमत वाटते.

आता परीक्षेच्या चित्रपटाची घडण पाहू. पूर्वी तो ३५ मिलिमीटरच्या फितीवर होई. फीत महाग. एक हजार फूट फीत कॅमेऱ्यातून अवघ्या अकरा मिनिटांत निघून जाते. विद्यार्थ्याला ती मोजून मिळे. त्यामुळे एखादे दृश्य पाच वेळा घ्यायचे की दोनच वेळा, याचा निर्णय कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच करावा लागे. आज फितीची जागा बोटाएवढ्या कार्डाने घेतली आहे. चित्रण कितीही करा, भाव वाढत नाही. पण दिवस मात्र मोजकेच राहिले आहेत. साहित्य परत करायची तारीख ठरलेली, जोडीदारांची संख्या ठरलेली, जेवणखाणाचे पैसे बेताचे. सर्वसाधारण विद्यार्थी या बंधनांना शत्रू समजतो आणि ती नाहीतच असे धरून गोष्ट रचतो. ज्यांना घमेलेभर माती दिसते, त्यांचे काम टिकते. याला तीन साक्षी काढतो.

पहिला साक्षीदार उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी'. पुण्याच्या त्याच संस्थेत विद्यार्थी म्हणून त्यांनी तो केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संसाराला हातभार म्हणून आई घरात पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी त्या नव्या यंत्राची अपूर्वाई. पुढे त्याच गिरणीची घरघर, तिचीच कामे त्याच्या खेळण्याच्या वयावर चालून येतात. शेवट सांगून वाचकांचा आनंद घालवीत नाही. सांगायचे ते हे की एक घर, एक यंत्र, एक पोरगा यांपलीकडे हा चित्रपट जात नाही. गरिबीवर कोणी भाषण करीत नाही. गिरणीचा आवाजच ते काम करतो. पुढे 'वळू' आणि 'देऊळ' या चित्रपटांनी कुलकर्णींचे नाव घरोघर झाले. पण 'गिरणी' ही त्यांची पायरी नव्हे, तो आपल्या जागी पूर्ण आहे.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या'. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा तरुण त्या वेळच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेत होता. तेथल्या अभ्यासक्रमातून हा पंधराएक मिनिटांचा लघुपट आला आणि त्यानेही राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. चोरीचा शिक्का बसलेल्या समाजातला एक पोरगा. त्याला शाळेत जायचे आहे. झाली गोष्ट! मास्तर म्हणून मी हा चित्रपट पाहतो तेव्हा खुर्चीत अवघडतो, कारण शाळेच्या फाटकाबाहेरून शाळा कशी दिसते हे आम्ही आतले लोक कधी पाहतच नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेचा शिक्का नसतानाही हे काम उभे राहिले, कारण मंजुळे यांनी आपल्याला पुरते ठाऊक असलेले जगच मांडले.

तिसरा साक्षीदार शेजारच्या कानडी मुलखातला, पण जन्माने पुण्याच्या संस्थेचाच. चिदानंद नाईक हे मूळचे डॉक्टर. संस्थेतल्या एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमाच्या अखेरीस त्यांनी सोळा मिनिटांचा लघुपट केला. 'सूर्यफुलांना आधी कळले' अशा अर्थाचे त्याचे नाव. २०२४ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात तो पहिला आला. आपल्याकडे म्हण आहे, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. या कानडी लोककथेत नेमके उलटे घडते. एक म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि सूर्य उगवायचाच थांबतो! आता यातली खुबी पाहा. चित्रीकरणाला होते चार दिवस. चार दिवसांत ऊन, सावली, ढग सांभाळीत बसणे विद्यार्थ्याला महागात पडते. ज्या गोष्टीत सूर्यच उगवत नाही, तिला उन्हाची वाट पाहायला नको; सारा चित्रपट रात्रीचा. गोष्ट आधी सुचली की सोय आधी दिसली, हे कर्त्यालाच विचारावे. पण पाहणाऱ्याला मात्र बंधन आणि कल्पना यांच्यामधला सांधा दिसत नाही, आणि याहून मोठी शाबासकी मला देता येत नाही.

स्तुती पुष्कळ झाली. आता तक्रारही करतो. विद्यार्थ्यांचे जे लघुपट मला मिळेल तिथून पाहायला मिळाले, त्यांतल्या पुष्कळांत एक खोड दिसते. पात्रे खिडकीबाहेर बघत राहतात. का बघतात, कोणी विचारू नये. शेवट अर्धवट सोडला की तो खोल झाला, असा एक समज आहे. दुसरी खोड याहून वाईट. गरिबाचे घर हे तयार देखावा म्हणून वापरायचे. चूल, धूर, भेगाळलेली टाच एवढे दाखवले की काम झाले. 'गिरणी' आणि 'पिस्तुल्या' यांची ही नक्कल आहे, आणि ती अंगणातल्या डब्याएवढ्या तीन दरवाजासारखीच फसते.

हे सारे मी अधिकारवाणीने लिहीत असताना माझीच परीक्षा झाली, ती सांगून लेख आवरतो.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा सध्या चित्रपटाच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला आहे. जूनमध्ये तो आपली पटकथा घेऊन आला. विषय १६६० चा वेढा! सिद्दी जौहरची छावणी, आषाढातला पाऊस, दोन पालख्या, शिवा काशीदांचे बलिदान आणि घोडखिंड. सारे पंधरा मिनिटांत, सहा जोडीदार आणि चार दिवस यांच्या बळावर. मी त्याला मातीच्या किल्ल्याचे व्याख्यान दिले. पन्हाळा राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून तेथे तिकाटणे रोवता येणार नाही, हेही सांगितले. तो हिरमुसून गेला.

गणपतीत परत आला तेव्हा हाती नवी गोष्ट होती. त्याची आई सुट्टीच्या दिवसांत गडावर येणाऱ्या प्रवाशांना झुणका-भाकर करून घालते. तिचा एक दिवस, पहाटे पीठ चाळण्यापासून संध्याकाळी चूल विझेपर्यंत, एवढाच चित्रपट. मला आनंद झाला. माझा विद्यार्थी माझे ऐकतो याचाच आनंद अधिक, हे कबूल करतो. मग त्याने खर्चाचा आराखडा पुढे ठेवला. कॅमेऱ्याचे भाडे, दिव्यांचे भाडे, एस.टी., जेवण, किरकोळ. सगळे रकाने नीट भरलेले. चित्रीकरण दिवाळीच्या सुट्टीत, चार दिवस. मी विचारले, "या चार दिवसांत आईचा धंदा?"

"बंदच ठेवावा लागेल सर. दिवे, माणसे, सगळी जागा भरेल."

दिवाळीची सुट्टी म्हणजे गडावरच्या विक्रीचा ऐन हंगाम. त्या बाईची चार दिवसांची कमाई कोणत्या रकान्यात लिहिली आहेस, असे मी विचारले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ती आईच आहे. तिला कसले पैसे द्यायचे?"

मी रागावलो नाही, कारण चूक माझीही होती. गरिबाच्या घराचा देखावा करू नये, हे लिहिणारा मी, पटकथा वाचून खूश झालो होतो. त्या पटकथेतली बाई चार दिवस कशावर राहील हे मलाही आराखडा पाहीपर्यंत सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतले आणि हात न थांबवता म्हणाली, "गुरुजी, सणासुदीला चूल कशी बंद ठिवू? पोरास्नी सांगा, माझ्या भाकऱ्या चालू असतानाच काय त्ये काढा. पर माझं गिऱ्हाईक मोडायचं न्हाई."

या एका वाक्याने त्याचा सारा आराखडा कोसळला. दिवे गेले, कारण बसायची जागा गिऱ्हाइकाची. तिकाटणे गेले. कॅमेरा धरून एका माणसाने चुलीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसायचे, कारण वारा डावीकडून येतो आणि धूर तिकडे जात नाही. घेतलेले दृश्य पुन्हा घेता येणार नाही, कारण थापलेली भाकरी पुन्हा थापता येत नाही. बाबूरावांच्या काळच्या फितीची शिस्त कार्डाच्या काळात चुलीने परत आणली! सुधारलेला आराखडा त्याने मागच्या आठवड्यात आणून दिला. पानांच्या मानाने तो पहिल्याच्या निम्मा आहे, आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. खर्चाच्या कोष्टकात त्याने एक नवा रकाना आखला आहे: 'गिऱ्हाईक परत गेल्यास भरपाई'. पुढे रक्कम लिहिलेली नाही; ती आई ठरवणार आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा गडावर बहुधा त्याचे चित्रण चालू असेल. चित्रपट कसा होईल, परीक्षक किती गुण देतील, हे मला सांगता येणार नाही. फराळ झाल्यावर कोणी वाचक सहकुटुंब पन्हाळ्यावर आले, आणि एखाद्या चुलीपाशी उकिडवा बसलेला, धुराने डोळे लाल झालेला पोरगा त्यांना दिसला, तर त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहू नये. भाकरी मागावी, गरम आहे तोवर खावी, आणि पैसे देऊन उठावे.