अनुभवाची साक्ष आणि श्रद्धेचा आधार : एक चिकित्सक विचार

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, दाट अरण्याच्या कुशीत उळवी हे गाव आहे. बाराव्या शतकात कल्याणमध्ये शरणांच्या चळवळीवर संकट कोसळले, तेव्हा बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांसह येथे आले व येथेच समाधिस्थ झाले, अशी परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला आजही धारवाड-बेळगावकडील शेतकरी कुटुंबे बैलगाड्या जुंपून घाट उतरतात. एवढा खडतर प्रवास कशासाठी, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘अनुभव आहे.’ गुरुवारी दर्ग्यावर चादर चढविणारा मुसलमान आणि नोव्हेना करणारा ख्रिस्ती हेही आपापल्या शब्दांत तेच सांगतात. यावर साशंक मनुष्य विचारतो : अनुभव तुमचा, मग तो सत्याचा पुरावा कसा ठरतो?

श्रद्धावंत आणि साशंक यांच्यातील हा वाद जुना आहे. प्रस्तुत लेखात कोणाचा जय झाला हे ठरविण्याचा हेतू नाही. दोन्ही पक्ष ज्याला अनुभव म्हणतात ती वस्तू एकच आहे काय, आणि खुद्द धार्मिक परंपरांनी अनुभवाला कितपत मान दिला आहे, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

शब्दांचा घोळ

वादाचे निम्मे मूळ भाषेतच आहे. उर्दूत ‘तजुर्बा’ हा शब्द प्रयोगशाळेतील प्रयोगालाही चालतो आणि आयुष्यात आलेल्या अनुभवालाही चालतो. त्यामुळे ‘हा माझा तजुर्बा आहे’ या वाक्यात नकळत प्रयोगाचे वजन येते. सूफी वाङ्मयात मात्र वेगळे शब्द आहेत. ‘ज़ौक’ म्हणजे चव, ‘हाल’ म्हणजे मनाची येऊन जाणारी अवस्था, ‘कश्फ’ म्हणजे पडदा दूर होणे आणि ‘मुशाहिदा’ म्हणजे साक्षात पाहणे. मराठीत अनुभव, अनुभूती, प्रचीती, साक्षात्कार अशी उतरंड आहे. यांपैकी ‘प्रचीती’ हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त त्याला मध्यवर्ती स्थान आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर वैज्ञानिक दृष्टिकोनाची सूत्रे सांगताना निरीक्षण, तर्क, अनुमान, प्रचीती आणि प्रयोग अशी मालिका मांडीत असत. संत आणि विवेकवादी दोघेही प्रचीतीला प्रमाण मानतात. फरक असा की, विवेकवाद्याची प्रचीती कोणालाही, कोठेही, पुन्हा घेता आली पाहिजे. साधकाची प्रचीती मात्र ज्याची त्यानेच घ्यावयाची असते. शब्द एक आणि अटी दोन असल्यामुळे चर्चा पुष्कळदा फिरून पहिल्याच जागी येते.

साशंकांचा पक्ष

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७४८ मध्ये चमत्कारांविषयीचा आपला युक्तिवाद मांडला. साक्ष खोटी किंवा चुकीची असणे हे त्या चमत्कारापेक्षाही अधिक अशक्य असेल, तरच ती साक्ष स्वीकारावी, असा त्याचा आशय आहे. कर्नाटकात या विचाराला संस्थात्मक रूप देण्याचा प्रयत्न डॉ. एच. नरसिंहय्या यांनी केला. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ मध्ये त्यांनी चमत्कार व अंधश्रद्धा यांची तपासणी करणारी समिती नेमली. सत्य साईबाबांनी नियंत्रित परिस्थितीत चमत्कार करून दाखवावेत, अशी पत्रे त्यांनी लिहिली. ती तपासणी कधीच झाली नाही. महाराष्ट्रात दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव-धर्माविषयी तटस्थ राहून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध करण्याची भूमिका घेतली. डॉ. श्रीराम लागू यांना ही तटस्थता मान्य नव्हती. ईश्वराची कल्पनाच निवृत्त करावी, असे ते म्हणत. तरीही दोघांनी एकाच व्यासपीठावर बसून हा मतभेद गावोगावी जाहीरपणे मांडला, ही गोष्ट वादाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

साशंकांच्या युक्तिवादाचे बळ जोयड्यासारख्या अरण्यप्रदेशात चटकन लक्षात येते. साप चावला की मांत्रिकाकडे नेण्याची चाल अशा भागांत जुनी आहे. मंत्राने माणूस वाचल्याचे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांनी माणूस वाचलेला पाहिलेला असतो. परंतु बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे काहीही उपचार न करता वाचणाऱ्यांची संख्या मोठी असते व त्याचे श्रेय मंत्राला मिळते. जे दगावतात त्यांच्याबाबत ‘उशीर झाला’ असे म्हटले जाते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचणे हाच खरा उपाय आहे. येथे पाहिलेली गोष्ट खरी असून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते.

श्रद्धावंतांचा पक्ष

श्रद्धावंतांचे म्हणणे असे की, सर्पदंशाचे उदाहरण ईश्वरानुभूतीला लागू पडत नाही. पहिल्या ठिकाणी बाहेरच्या घटनेचे कारण शोधावयाचे आहे, तर दुसऱ्या ठिकाणी मनुष्याच्या अंतरंगाचाच कायापालट झालेला आहे. या भूमिकेची सर्वांत प्रामाणिक मांडणी इमाम ग़ज़ाली (१०५८–११११) यांच्या ‘अल-मुनकिज़ मिनज़्ज़लाल’ या आत्मनिवेदनात आढळते. बगदादच्या निज़ामिया मदरशातील सर्वोच्च अध्यापकपद त्यांना १०९१ मध्ये मिळाले होते. त्याआधी व नंतर त्यांच्या मनाने जो प्रवास केला, त्याची ही कहाणी आहे. प्रथम त्यांचा इंद्रियांवरील विश्वास उडाला. सावली स्थिर दिसते, पण सरकत असते. तारा नाण्याएवढा दिसतो, पण पृथ्वीपेक्षा मोठा असतो. मग बुद्धीवरही शंका आली. स्वप्नात जे निःसंशय वाटते ते जागेपणी खोटे ठरते, तर जागेपणीचे खरे कशावरून? सुमारे दोन महिने ते या संशयात होते. त्यातून त्यांना युक्तिवादाने बाहेर काढले नाही. ईश्वराने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने काढले, असे ते सांगतात. पुढे १०९५ मध्ये त्यांची वाचाच बंद पडली, अन्न गिळवेना, आणि अखेर पद सोडून ते बाहेर पडले. आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे व निरोगी असणे वेगळे, हा त्यांचा दृष्टांत ‘ज़ौक’ या कल्पनेचा गाभा आहे.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच प्रश्नाची सीमारेषा आखली. गूढ अनुभव ज्याला आला त्याच्यासाठी तो प्रमाण असतो. ज्याला आला नाही त्याने तो बिनतक्रार मान्य करावा, असा अधिकार मात्र त्या अनुभवाला पोहोचत नाही. अनुभवाचे शारीरिक कारण सापडले म्हणजे त्याचे मूल्य संपले, असे मानणाऱ्यांनाही जेम्स यांनी तितकेच खडसावले आहे. गणिती सिद्धान्त सुचतानाही मेंदूत काही घडतेच, पण तेवढ्याने तो सिद्धान्त खोटा ठरत नाही.

परंपरेच्या आतील परीक्षा

सर्वसाधारण समजूत अशी की, शंका बाहेरून येते आणि परंपरा अनुभव निमूटपणे स्वीकारते. ग्रंथ पाहिले असता ही समजूत टिकत नाही. ग़ज़ाली याच ‘मुनकिज़’मध्ये म्हणतात की, दहापेक्षा तीन मोठे आहेत असे कोणी सांगितले आणि पुराव्यादाखल काठीचा साप करून दाखविला, तर त्याच्या करामतीचे आश्चर्य वाटेल, पण दहा तिनांपेक्षा मोठे आहेत या ज्ञानाला तडा जाणार नाही. हृदयातील प्रकाशाची ग्वाही देणारा हाच लेखक चमत्काराला सत्याचा पुरावा मानावयास तयार नाही, हे महत्त्वाचे.

शेख़ अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांनी त्याहून सूक्ष्म भेद केला. साधनेच्या एका टप्प्यावर साधकाला ईश्वरावाचून दुसरे काही दिसत नाही. त्यावरून ईश्वरावाचून दुसरे काही अस्तित्वातच नाही, असे तो म्हणू लागतो. सरहिंदी सांगतात की, सूर्य उगवल्यावर तारे दिसत नाहीत म्हणून तारे नाहीसे झाले असे होत नाही. म्हणजे दिसणे खरे, पण त्यावरून केलेले विधान तपासले पाहिजे. ‘वहदतुल वुजूद’ आणि ‘वहदतुश्शुहूद’ यांतील प्रसिद्ध वाद तत्त्वतः अनुभव आणि त्याचा अर्थ यांतील अंतराचाच वाद आहे. एका निष्ठावंत सूफीने केलेली ही चिकित्सा आजच्या साशंकाच्या चिकित्सेहून फार दूर नाही.

उळवीच्या परंपरेतही हेच दिसते. वचनांच्या आधारे संवादरूपाने रचलेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू एकेका साधकाची परीक्षा घेतात. गोरक्षाचे शरीर साधनेने वज्रासारखे झालेले असते. त्यावर तलवारीचा वार केला की खणखणाट होतो. अल्लमांच्या शरीरातून मात्र तलवार आकाशातून जावी तशी आरपार जाते. ज्याला गोरक्ष सिद्धी समजत होता ती देहाचीच आसक्ती होती, असा त्या कथेचा रोख आहे. अक्कमहादेवीलाही अनुभव मंटपात सर्वांसमक्ष कठोर प्रश्न विचारले जातात. देहभाव गेला म्हणतेस, तर केसांनी अंग का झाकले आहेस? ती उत्तरे देते आणि मगच सभा तिला मानते. येथे अनुभव चारचौघांत मांडावा लागतो व त्याला प्रश्न सोसावे लागतात.

इक़बाल यांनी मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ येथे दिलेल्या इंग्रजी व्याख्यानांचा ग्रंथ १९३० मध्ये लाहोरला प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये नज़ीर नियाज़ी यांनी तो उर्दूत आणला. धार्मिक अनुभव हाही ज्ञानाचा एक मार्ग आहे, असे इक़बाल ठामपणे सांगतात. परंतु लगेच त्याला दोन कसोट्या लावतात : एक बौद्धिक आणि दुसरी व्यवहारातील फळाची. इब्ने सय्याद या विलक्षण मानसिक अवस्थेत जाणाऱ्या मुलाचे हज़रत पैगंबरांनी स्वतः निरीक्षण केले होते, हा हदीसमधील प्रसंग ते चिकित्सक वृत्तीचा दाखला म्हणून देतात. त्याहून महत्त्वाचा त्यांचा मुद्दा ख़त्मे नबुव्वतचा आहे. नबुव्वत संपली याचा अर्थ असा की, यापुढे ‘मला वरून कळले’ एवढ्याच बळावर कोणालाही दुसऱ्यावर अधिकार गाजविता येणार नाही. प्रत्येक गूढ अनुभव इतर मानवी अनुभवांप्रमाणेच तपासणीस खुला आहे.

मर्यादा दोन्हींकडे

इक़बाल यांची दुसरी कसोटी मात्र पुरेशी नाही, हे नमूद केले पाहिजे. फळ चांगले आले म्हणून बीजाविषयीचा सिद्धान्त खरा ठरत नाही. परस्परविरोधी श्रद्धा असलेल्या माणसांच्या जीवनातही सारखीच करुणा व सचोटी फुललेली दिसते. फळाची कसोटी माणसाची पारख करील, पण त्याच्या विधानाची पारख तिने होणार नाही. उलट, साशंकांची पुनःप्रत्ययाची अटही सर्वत्र लागू पडत नाही. शोक, कृतज्ञता, पश्चात्ताप यांचा प्रयोग करून दाखविता येत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

यातून तीन पायऱ्या वेगळ्या करता येतात. ‘मला असे वाटले, असे दिसले’ ही पहिली पायरी. येथे बोलणाऱ्यावर विश्वास ठेवणे हेच सभ्यपणाचे आहे. ‘ते अमुक कारणाने घडले’ ही दुसरी पायरी. येथे तर्क, निरीक्षण व इतरांचे अनुभव यांना प्रवेश द्यावाच लागतो. ‘म्हणून तुम्हीही मानले पाहिजे’ ही तिसरी पायरी. ती केवळ अनुभवाच्या बळावर कोणालाही चढता येत नाही. बहुतेक वाद बिघडतात ते साशंकाने पहिलीच पायरी नाकारल्यामुळे, किंवा श्रद्धावंताने पहिलीवरून थेट तिसरीवर उडी घेतल्यामुळे.

तिसऱ्या पायरीवरील हट्ट कोठे पोहोचतो याची उदाहरणे याच प्रदेशात आहेत. वचनवाङ्मयाचे थोर अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनी ‘मार्ग’ या संशोधनग्रंथात उळवीच्याच चन्नबसवण्णांच्या जन्मासंबंधी केलेल्या विवेचनावरून मोठा वाद झाला आणि १९८९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची, आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये राहत्या घरी कलबुर्गींची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या परंपरेने अक्कमहादेवीला भर सभेत प्रश्न विचारले, त्या परंपरेचा अभ्यासक प्रश्न विचारल्याबद्दल आयुष्यभर त्रास सोसतो, हे त्या परंपरेचे वैभव नव्हे, विस्मरण होय.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयात संतकाव्य, सूफी काव्य किंवा वचने शिकविताना हा प्रश्न वर्गात येतोच. एखादी विद्यार्थिनी उठून सांगते की, नवस फेडला आणि आईचा आजार गेला. अशा वेळी हसणारा शिक्षक तिला गमावतो आणि मान डोलावणारा शिक्षक तिला फसवतो. आईच्या बरे होण्याचा आनंद तिचा आहे, तो तिच्यापाशी राहू द्यावा. औषधही चालू होते काय, नवस करूनही बऱ्या न झालेल्यांचे काय, हे प्रश्न मात्र तिलाच विचारावयास शिकवावे. ते तिने स्वतः विचारले, तर तिची श्रद्धा कदाचित बदलेल, कदाचित अधिक शहाणी होईल. दोन्हीही शिक्षणच आहे.

क़ुरआनात हज़रत इब्राहीम यांचा एक प्रसंग आहे. मृतांना पुन्हा जिवंत कसे करतोस ते दाखव, अशी विनंती ते ईश्वराला करतात. तुझा विश्वास नाही काय, असे विचारले जाते. विश्वास आहे, पण मनाचे समाधान व्हावे, असे ते उत्तर देतात. या प्रसंगात श्रद्धा आधी आहे आणि अनुभव नंतर. तो पायासाठी नव्हे, शांतीसाठी मागितलेला आहे. शिवाय प्रश्न विचारल्याबद्दल तेथे कोणी रागावलेले नाही. श्रद्धावंत आणि साशंक या दोघांनाही हा प्रसंग पुन्हा वाचण्याजोगा आहे.