कातकरी : दोन ग्रंथ आणि गावठाणाचा प्रश्न

कातकरी जमातीविषयी इंग्रजीत झालेल्या लेखनापैकी दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत : ए. एन. वेलिंग यांचा ‘द कातकरीज’ (१९३४) आणि डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांचा ‘फायटिंग इव्हिक्शन’ (२०१३).

वेलिंग यांच्या ग्रंथाचे उपशीर्षक कातकऱ्यांना ‘मुंबई इलाख्यातील आदिम जमात’ म्हणते. हे लोक कोण, हा त्यामागील प्रश्न. परंतु ‘आदिम’ म्हटले की दैन्य हे वंशाचेच लक्षण भासू लागते. वस्तुतः ‘कातकरी’ हे नाव धंद्यावरून पडले आहे. खैरापासून कात काढण्याचा तो धंदा वननिर्बंधांनी हिरावला. नाव तेवढे उरले, आणि माणसे कोळसाभट्ट्यांवर व वीटभट्ट्यांवर गेली. इंग्रजी अमदानीत त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्काही बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तथापि गावाच्या मनातील संशय कायद्याबरोबर गेला नाही.

बकल्स-खेडकरांचा प्रश्न निराळा आहे : हे लोक कोणाच्या जमिनीवर राहतात? रायगड-ठाण्यातील अनेक कातकरीवाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत. मुंबईच्या विस्ताराने जमिनीचे भाव चढले, तशी पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती मालकाला अडचण वाटू लागली. आपलेपणा ही केवळ भावना नसून घराखालच्या जमिनीची नोंदही आहे, हे या ग्रंथाने दाखविले, हा त्याचा मोठा गुण होय. ज्याच्या घराची नोंद नाही त्याला ‘उपरा’ ठरविणे सोपे असते. आणि उपरा ठरलेल्यावर संशय घेणे त्याहून सोपे.

मात्र या विवेचनाला एक मर्यादा आहे. गावठाणाची मागणी गाव, ग्रामसभा व ग्रामपंचायत गृहीत धरते. तळोज्याचा समावेश २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत झाला, आणि ग्रामपंचायतीबरोबर तेथील ग्रामसभाही संपली. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे सिडकोची घरकुले, अशा परिसरात वाडी नकाशावर उमटण्यापूर्वीच ‘अतिक्रमण’ ठरण्याचा धोका आहे. ग्रामीण उपायाचे नागरी रूप कोणते, याचे उत्तर या ग्रंथात मिळत नाही.

वेलिंग यांनी जमात पाहिली. बकल्स-खेडकरांनी वाडी पाहिली. पुढील अभ्यासकाने शहराच्या हद्दीत आलेला कातकरी पाहिला पाहिजे, आणि त्याच्या कल्याणाचा विचार नोंद व प्रतिष्ठा या दोन्ही अंगांनी केला पाहिजे. नोंदीवाचून प्रतिष्ठा टिकत नाही. परंतु नुसत्या नोंदीने शेजाऱ्याची नजर बदलते, असेही नाही.