कूपरची घरगुती पत्रे

आपल्या वाङ्मयविचारात पत्रास मिळालेले स्थान मोठे चमत्कारिक आहे. पत्रांतून राज्यकारभार चालला असेल तर ती इतिहाससंशोधकांच्या स्वाधीन होतात. समाजाचे दोष दाखविले असतील तर ती निबंधांत जमा होतात. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून 'प्रभाकरा'त येऊ लागली. ती नावाने पत्रेच. परंतु कोणा एका स्नेह्यास लिहिलेली ती नव्हेत, सगळ्या महाराष्ट्रास उद्देशून लिहिलेली आहेत. मागे उरतात ती पत्रे निराळी. परसातील भोपळ्यास यंदा फळ धरले नाही, धाकट्याचा ताप कालपासून उतरला आहे, गडी काम सोडून गेला, नवीन छपराने पहिल्याच पावसात दगा दिला, अशा मजकुराची. त्यांस आपण 'घरगुती' म्हणतो आणि त्या एका शब्दाने त्यांचा निकाल लावून मोकळे होतो. हा निकाल कितपत न्याय्य आहे हे तपासावयाचे असेल, तर इंग्रज कवी विल्यम कूपर याच्या पत्रांसारखे साधन आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

कूपरचे नाव आपल्याकडील जुन्या पिढीस शालेय क्रमिक पुस्तकांमुळे परिचयाचे होते. त्याचा जॉन गिल्पिन घोड्यावर बसून किती भलत्या गावी गेला हे पुष्कळांना ठाऊक असे. परंतु तो घोडा ज्याने उधळविला त्याच्याविषयी फारशी माहिती नसे. त्याचा जन्म १७३१ चा. सहाव्या वर्षी आई गेली. पुढे कायद्याचा अभ्यास झाला, चुलतबहीण थिओडोरा हिच्यावर जडलेले प्रेम तिच्या वडिलांच्या नकारामुळे निष्फळ झाले, आणि १७६३ साली उमरावांच्या सभेतील एका लेखनिकाच्या जागेसाठी परीक्षा द्यावयाची वेळ आली, तेव्हा त्या धास्तीने त्याचे मन ढासळले. त्याने आत्मघाताचे प्रयत्न केले व त्यास सेंट ऑल्बन्स येथील मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवावे लागले. तेथून बरा होऊन निघाल्यावर तो हंटिंग्डन येथे अन्विन कुटुंबात राहिला. १७६७ साली गृहस्वामी घोड्यावरून पडून वारले, आणि त्यांची विधवा मेरी हिच्यासह कूपर बकिंगहॅमशरमधील ओल्नी या लहानशा गावी येऊन राहिला. १७७३ साली पुन्हा वेडाचा झटका आला. आपण ईश्वराकडून कायमचे टाकले गेलो आहो, अशी त्याची त्या वेळी जी समजूत झाली ती मरेपर्यंत गेली नाही.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात ठेवून मग पत्रे उघडावी. त्यांत काय आहे? काकड्या आहेत. काचेच्या झाकणाखाली कढत खताचे वाफे करून इंग्लंडच्या थंडीत काकडी कशी पिकवावी, हा या कवीचा आवडता उद्योग. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द टास्क' या काव्यातही त्याने तो साग्र वर्णिला आहे. पत्रांत काचघर आहे, त्यातील जिरेनियमच्या कुंड्या आहेत, मांजरीच्या पिलांसमोर फणा काढून बसलेला आणि कुदळीने मारलेला एक विषारी साप आहे. आणि ससे आहेत. १७७४ साली शेजारच्या मुलांनी पाळलेले सशाचे एक पिलू त्यांस नकोसे झाले. ते कूपरने घेतले, आणि ही वार्ता पसरताच आणखी पिले दारी येऊ लागली. त्यांतील तिघे त्याने ठेविले. पस, टायनी आणि बेस ही नावे बायकी वाटली तरी तिघेही नर होते! प्रत्येकाचा स्वभाव त्याने असा टिपला आहे की, एखाद्या कादंबरीकाराने तीन भावांचे स्वभाव टिपावे. पस दुखण्यातून उठल्यावर कृतज्ञतेने हात चाटणारा. टायनी शेवटपर्यंत तुसडा.

१७८० च्या ऑगस्टातील एका पत्रात हा पस पळाल्याची हकीकत आहे. न्यूटन नावाच्या आपल्या पाद्री मित्रास ती लिहिलेली. रात्रीचे जेवण चालू असता मागल्या खोलीत खडबड झाली. जाऊन पाहतात तो जाळीचे दोर कुरतडून ससा पसार. मग नोकर धावला, त्याच्यामागे गावातील पुरुष, बायका, मुले, कुत्री अशी सगळी वरात निघाली. शेवटी कातडी कमावण्याच्या आवारात चुन्याच्या पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यातून पसला कान धरून वर काढण्यात आले, बादलीत धुण्यात आले आणि पोत्यात घालून रात्री दहाच्या सुमारास घरी आणण्यात आले. खर्च चार शिलिंग. या पत्रात कारागिरी कोठेच दिसत नाही. परंतु कोणत्या क्षणी कोण कोठे होते, दोर कसा तुटला, पैसे किती लागले, यांपैकी एकही गोष्ट त्याने वाऱ्यावर सोडलेली नाही. गंमत सांगताना पुष्कळ लेखक आधी स्वतःच हसतात. कूपर पंचासमोर जबानी द्यावी तशा गंभीरपणे लिहितो, त्यामुळे हसणे वाचकाच्या वाट्यास येते.

दुसरे असेच पत्र १७८४ च्या मार्चमधील. पार्लमेंटच्या निवडणुकीचा उमेदवार ग्रेनव्हिल मतांसाठी दारी आला तो प्रसंग. घरात दोघी स्त्रिया बसल्या आहेत, एक विणते आहे, दुसरी जाळी गुंफते आहे, आणि कविराज लोकरीचा गुंडा करीत आहेत! इतक्यात गलका होतो. पस नेमका पेटीतून बाहेर सोडलेला असल्यामुळे उमेदवारास पुढील दाराने घेता येत नाही आणि सगळ्या लवाजम्यासह त्यास मागल्या दाराने यावे लागते. तो हस्तांदोलन करतो, स्त्रियांचे चुंबन घेतो, स्वयंपाकघरातील दासीसही सोडीत नाही. आपणास मताचा अधिकारच नाही, असे कूपर सांगतो, ते त्यास पटते. आपले वजन नाही असे सांगतो, ते मात्र पटत नाही. इंग्लंडच्या त्या वेळच्या निवडणुकांवर मोठमोठे ग्रंथ आहेत. उमेदवार घरात शिरला असता घरातल्या माणसांस काय वाटते, हे समजण्यास आम्ही या एका पत्राकडेच बोट दाखवू.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे जरूर आहे. त्या काळी इंग्लंडात टपालाचे हशील बहुधा पत्र घेणारास द्यावे लागे, आणि ते कागदांच्या संख्येवर व अंतरावर आकारले जाई. पार्लमेंटचा सभासद ओळखीचा असला तर त्याच्या सहीने पत्र फुकट जाई. नाही तर मित्राचा खिसा हलका होई. ज्याच्या पैशाने पत्र जावयाचे त्यास ससा पळाल्याची वार्ता कळवावी की नाही, हा प्रश्न त्या कागदावर लेखणी टेकविणाराच्या मनात यावा हे साहजिकच होते. मजकूर काही नाही, तरी लिहितो, हा सूर कूपरच्या पत्रांत वारंवार येतो, आणि मग तो कागद काठोकाठ भरून काढतो. आमच्या मते त्याच्या पत्रांतील काटकसरीचे व नेटकेपणाचे एक कारण येथे आहे. फुकटच्या बडबडीस कंटाळा असतो. मित्राने दाम मोजून ऐकावयाच्या बडबडीस चव आणावी लागते.

कूपर सर्वांस सारखे लिहीत नाही, ही गोष्ट त्याच्या स्तुतिपाठकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. मेरीचा मुलगा विल्यम अन्विन हा एसेक्समध्ये पाद्री होता. त्याच्याशी कूपर थट्टामस्करी करतो. जोसेफ हिल हा वकील मित्र त्याच्या पैशांची व्यवस्था पाही. त्याच्या पत्रांत हिशेब येतात, माशांच्या पेट्यांची पोच येते. न्यूटनला मात्र आपल्या धार्मिक निराशेचे काळे पाणी तो दाखवितो. थिओडोराची बहीण लेडी हेस्केथ हिच्याशी अनेक वर्षे तुटलेला पत्रव्यवहार 'द टास्क' प्रसिद्ध झाल्यानंतर १७८५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाला. १७८६ च्या जानेवारीत कूपर तिला आपल्या १७७३ च्या दुखण्याची कथा सांगतो. पुढच्याच महिन्यात ती येणार म्हणून काचघरात चटया कशा अंथरू, तिला कोठे बसवू, दालनात शिरताच पसची पेटी कोठे दिसेल, याचे असे बारीक चित्र काढतो की, ते घर आपण आंधळेपणानेही हिंडू शकू.

ही दोन पत्रे लागोपाठ वाचल्यावर आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो असा. ज्याला आपण नरकात जाणार अशी खात्री वाटते, त्याने चटयांविषयी लिहावे हा ढोंगीपणा नव्हे काय? आपल्याकडील पत्रांतही 'येथील सर्व क्षेम' हे वाक्य कित्येकदा घरात सुतक असतानाही पडतेच. परंतु कूपरच्या बाबतीत ढोंगाचा आरोप आम्हास टिकण्यासारखा वाटत नाही. त्याने दुःख लपविले नाही. ते कोणास पेलेल याचा विचार करून सांगितले. चटयांविषयीचे लिहिणे हे त्या दुःखावरचे झाकण नव्हे. सकाळी वाफ्याचे झाकण उघडावयाचे आहे, सशास खावयास घालावयाचे आहे, दुपारी मित्रास पत्र लिहावयाचे आहे, एवढ्या दोऱ्यांवर त्याचा दिवस तोललेला होता. बागकाम आणि सुतारकाम आपल्या मनाच्या उपयोगी पडते, हे तो जाणूनबुजून करीत होता.

कूपरचा चरित्रकार हेली याने १८०३-०४ साली पत्रे प्रथम छापली, तेव्हा वेडाचा व नैराश्याचा भाग जपून वगळला, आणि त्यामुळे 'सौम्य, साधुवृत्तीचा, सशांचा कवी' ही गोड मूर्ती शतकभर पुजली गेली. काळी पाने वगळल्याने कूपरची अब्रू राखली गेली असे हेलीस वाटले असेल; प्रत्यक्षात काकड्या तेवढ्या हलक्या झाल्या.

एक उणीव आम्ही झाकणार नाही. या पत्रांतील घर चालविते कोण? मेरी अन्विन. १७७३ च्या दुखण्यात तिनेच त्याची सेवा केली; घरखर्च, नोकरचाकर, विणकाम, पाहुण्यांची सोय, सारे तिच्याकडे. पत्रांत ती जागोजाग आहे, परंतु बहुधा वाक्याच्या शेवटी नमस्कार सांगावयास! थकलेल्या माणसाच्या सोबतीस राहणे म्हणजे काय, हे तिच्या बाजूने ऐकावयास मिळाले असते तर या पत्रसंग्रहास जोड ग्रंथ झाला असता. तिच्यावरील आपले ऋण कूपरने पुढे १७९३ साली एका कवितेत मानले. पण तोपर्यंत तिला पक्षाघात झालेला होता. उलट गावातील इतरांविषयी तो डोळे मिटून बसलेला नाही. ओल्नीत लेस विणून पोट भरणारे सुमारे १२०० लोक आहेत व येऊ घातलेल्या कायद्याने त्यांच्या तोंडचा घास जाईल, हे सरकारातील वजनदार माणसाच्या कानावर घाल, म्हणून त्याने १७८० साली हिलला कळकळीने लिहिले. खिडकीतून दिसणारी उपासमार त्याच्या 'घरगुती' मजकुरात येऊ शकते, हे विशेष.

मराठीत या वृत्तीचे वाङ्मय नाही असे नाही. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ साली निघाल्या आणि खांडेकर, काणेकर प्रभृतींनी लघुनिबंधाचा मळा फुलविला. नावातच गुज आहे, वाचकास मित्र मानण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु सगळ्या वाचकांस मित्र मानणारा लेखक आणि एका मित्रास पत्र लिहिणारा माणूस यांत अंतर राहतेच. लघुनिबंधकाराची छत्री हरविते ती बहुधा एखादा विचार सापडावा म्हणून. कूपरचा ससा हरवितो तेव्हा त्याला ससाच सापडावयास हवा असतो. दिल्लीच्या गालिबची उर्दू पत्रे याच जातीची. गळणारे छप्पर, आंबे, पेन्शन आणि गेलेली माणसे त्यांत एका दमात येतात, व ती वाचताना एका विशिष्ट मित्राचा चेहरा समोर दिसतो. मराठीत असे संग्रह विरळा, याचे कारण पत्रे लिहिली गेली नाहीत हे नव्हे. ती ट्रंकांत होती, आणि ट्रंका आवरताना प्रथम तीच बंबात गेली.

ज्यांस सर्व पत्रव्यवहार हवा त्यांनी किंग व रिस्कॅम्प यांची १९७९ ते १९८६ या काळात ऑक्सफर्डहून निघालेली पाच खंडांची आवृत्ती पाहावी. घरातील सर्वांनी मिळून वाचावयास एखादी निवडक पत्रांची आवृत्ती पुरे. मात्र तिच्यात १७९५ ची पत्रे आहेत ना, हे पाहून घ्यावे. त्या सालापर्यंत विल्यम अन्विन वारून नऊ वर्षे होत आली होती, मेरी अंथरुणास खिळत चालली होती, आणि दोघांस नॉर्फोकमध्ये नेण्यात आले होते. समुद्रकाठच्या मंडस्ली गावाहून तो लेडी हेस्केथला लिहितो. बाग नाही, वाफे नाहीत, ससे कधीच गेले. समुद्राने कडा खात खात मागे सोडलेला खडकाचा एक एकटा खांब किनाऱ्यावर उभा आहे, तो मात्र त्याने पाहून ठेविला आहे, आणि तो कोणासारखा दिसतो हेही त्याने तिला कळविले आहे.