‘अंगावरून वारे जाणे’ : एका रोगनामाची चिकित्सा

रोगाला दिलेले नाव हे त्या रोगाविषयीचे एक मतच असते. शरीराची एक बाजू अकस्मात लुळी पडली, की मराठीत ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या एकाच लोहमार्गावरील शहरांत हा प्रयोग इतर भाषांच्या शेजारी ठेवून तपासता येतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यामुळे मराठी ‘अर्धांगवायू’, सिंधी ‘अधरंग’ आणि हिंदी-मराठीस समान असा ‘लकवा’ ही तिन्ही नावे येथे एकाच दवाखान्याच्या दारात भेटू शकतात. पहिल्या दोहोंत अर्धे अंग आहे. ‘लकवा’ हा मूळ अरबी शब्द चेहऱ्याच्या वाकडेपणाचा वाचक. मेंदूचा निर्देश मात्र एकातही नाही.

या नावांना अडाणी ठरविणे न्याय्य होणार नाही. आयुर्वेदात वात हे शरीरांतर्गत गतीचे तत्त्व आहे. गती नष्ट झाली असता वाताचा दोष मानणे त्या शास्त्राच्या चौकटीत सुसंगतच होते. सुश्रुतसंहितेतील ‘पक्षाघात’ या संज्ञेतही एकाच बाजूची हानी अचूक टिपलेली आहे. लोकभाषेत मात्र आतला वायू बाहेरचे वारे झाला, आणि व्याधी अंगावरून जाणारी घटना ठरली.

फ्रिट्श व हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूपृष्ठास विद्युत्‌स्पर्श करून विरुद्ध बाजूच्या हालचाली घडविल्या. मेंदूतून निघणारे बहुतेक चालक तंतू त्याच्या तळाशी बाजू बदलतात. म्हणून उजवा हात लुळा पडला, तर इजा बहुधा डाव्या मेंदूत असते. ती गुठळीने झाली की रक्तस्रावाने, हे मेंदूच्या चित्रणावाचून निश्चित होत नाही. आणि गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. नाव अंगाकडे बोट दाखवीत असेल, तर पहिला विचार मालिशीचा होणे स्वाभाविक आहे. हे तास तेवढ्यात निसटू शकतात.

‘हात गेला’, ‘वाचा गेली’ या क्रियापदांतही असाच धोका आहे. गेलेल्याची वाट पाहावी लागते. त्याच्याकडून काम करवून घेता येत नाही. रँडॉल्फ नुडो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले, की मेंदूस लहान इजा झालेल्या माकडांच्या हातास सराव दिला असता हाताचे उरलेले मेंदूक्षेत्र टिकून राहते. काही माकडांत तर ते कोपर व खांदा यांच्या पूर्वीच्या क्षेत्रात विस्तारले. उलट, चांगल्याच हाताने सर्व कामे उरकली, तर दुबळा हात न वापरण्याची सवय जडते, हे एडवर्ड टाउब यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा हात ‘गेला’ नसून त्याचा मेंदूशी असलेला संबंध तुटला आहे. आणि तो, पूर्णतः नसला तरी काही अंशी, सरावाने पुन्हा जुळू शकतो.

अलीकडे रूढ होत असलेल्या ‘मेंदूचा झटका’ या नावाने स्थान अचूक सांगितले. पण ‘झटके येणे’ हे अपस्माराविषयी आधीच रूढ असल्याने नवा घोटाळा संभवतो. यास्तव जुना प्रयोग हद्दपार करण्यापेक्षा त्याला जोड देणे श्रेयस्कर. ‘वारे गेले’ हे ऐकताच वैद्याने त्याच श्वासात ‘मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला आहे’ असे रुग्णाच्या भाषेत म्हणावे. पहिल्या शब्दांनी रोग ओळखू येतो. दुसऱ्यांनी तो कोठे आहे हे कळते.