शब्द पुढे, ठेका मागे

खामगावच्या कापसाचे मिसिसिपीच्या कापसाशी असलेले नाते व्यापाऱ्यांना फार पूर्वी कळले होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पडला तो या गाठी वाहून न्यायलाच. संगीताच्या समीक्षकांनी मात्र हे नाते कधी हिशेबात धरले नाही. त्या युद्धाने कायद्यापुरत्या मोकळ्या झालेल्या गुलामांच्या पणतवंडांनी शंभरेक वर्षांत सोल आणि फंक घडवले. इकडे काळ्या मातीच्या याच पट्ट्यात, कपाशीत राबणाऱ्या माणसांच्या वस्त्यांमध्ये भीमगीत घुमू लागले. दोन्ही संगीतांचा जन्म अपमानातून झाला, हे वाक्य वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातून आता काहीच हाती लागत नाही. हाती लागण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तिकडे ठेका पुढे आला आणि शब्द त्याच्या मागून चालू लागला. आपल्याकडे शब्द पुढे राहिला आणि ठेक्याला मागे बसवले गेले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या नावाने बोटे मोडण्याआधी हे असे का झाले, ते पाहायला हवे.

आधी तिकडचे. सोल चर्चमधून निघाले. रे चार्ल्सने १९५४ मध्ये एका भक्तिगीताचा साज उचलून त्यात प्रेयसी आणली, तेव्हा श्रद्धाळू मंडळी संतापली. सॅम कुक हा भक्तिगीतांच्या वृंदातला लाडका गायक; १९५६ मध्ये पहिले प्रेमगीत काढताना त्याने डेल कुक असे नाव घेतले, चर्चचा श्रोता दुखावू नये म्हणून. अरेथा फ्रँकलिन धर्मोपदेशकाची मुलगी. १९६७ मध्ये तिने दुसऱ्याने लिहिलेले आणि गायलेले गाणे घेऊन त्याचा अर्थच उलटा करून टाकला. इथपर्यंत कंठाचे राज्य होते. जेम्स ब्राऊनने ते मोडले. १९६५ नंतरच्या ध्वनिमुद्रणांत, विशेषतः १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये, गिटार, बेस, ट्रंपेट ही सगळी वाद्ये चाल वाजवायची सोडून ठोके द्यायला लागतात. गाण्यात स्वरांची हालचाल जवळपास थांबते आणि सगळा भार आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येऊन पडतो. ब्राऊन आपल्या वादकांना ‘द वन’ सांभाळा म्हणून बजावायचा. आपल्या कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. समेवर सगळ्यांनी एकत्र यायचे आणि दोन समांच्या मध्ये प्रत्येकाने आपापली मुभा घ्यायची, एवढाच त्याचा हिशेब. पण ही मुभा शिस्तीतून येत असे. चुकलेल्या सुरासाठी आणि पॉलिश नसलेल्या बुटांसाठीही ब्राऊन वादकांच्या पगारातून दंड कापायचा.

आता इकडचे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात जोतीरावांचा विचार भरला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी तोच साचा आंबेडकरी जलशासाठी वापरला. गण राहिला, पण त्यातला गणपती गेला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस उभ्या महाराष्ट्रात फिरला आणि वस्तीवस्तीत गाणी ठेवून गेला. लोकगीत, सिनेमा, कव्वाली, जी चाल लोकांच्या ओठांवर आधीच आहे ती घ्यायची आणि तिच्यावर नवे शब्द चढवायचे, ही त्यांची एक हुकमी रीत. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी या गाण्याला कव्वालीचा कणखर, वरच्या पट्टीतला गळा दिला. सॅम कुकला जे नाव बदलून करावे लागले ते शिंदे यांनी एकाच नावाने केले. विठ्ठलाची आणि गणपतीची त्यांची गाणी आजही उत्सवांच्या मांडवांत वाजतात, आणि चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, भीमगीतांतूनही तोच आवाज येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या श्रोत्यांनी या गायकाला टाकले नाही, ही गोष्ट आपल्या समीक्षेने पुरेशा आश्चर्याने पाहिलेली नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या कानाला मात्र त्यात नवल वाटू नये. शेगावच्या दिंडीतले टाळमृदंग, पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या यात्रेतला संदल आणि कव्वाली, आणि बुद्धविहारापुढचे भीमगीत हे इथे एकाच मुलखात ऐकू येते. ते ऐकणाऱ्याचा कान चाल कुणाची हे विचारत बसत नाही.

मग चाली इतक्या मोकळेपणाने घेणाऱ्या या गाण्याने ठेक्याच्या बाबतीत हात आखडता का घेतला? पेटी, ढोलकी किंवा ढोलक, कधी बुलबुलतरंग, मागे साथीदारांच्या टाळ्या, एवढ्यावर भीमगीताने कित्येक दशके काढली. गावात सगळ्यात दूरवर ऐकू जाणारे चामड्याचे वाद्य म्हणजे डफडे, आणि ते या मैफलीत जवळजवळ नाही. माझ्या मते याचे कारण आवडीनिवडीत नाही, इतिहासात आहे. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात गुलामांनी ढोल वाजवत बंड केले आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने त्यांना ढोल बाळगायला बंदी झाली. तिथे ढोल हिरावून घेतला होता; तो परत मिळवणे हाच विजय होता, मग तो चर्चमध्ये टाळ्यांतून आणि पायांच्या ठोक्यांतून मिळवला असो, की ब्राऊनच्या वाद्यवृंदातून. आपल्याकडे ढोल हिरावला नव्हता, गळ्यात मारला होता. वरातीपुढे, मयतीपुढे, देवीच्या पालखीपुढे, दवंडी देताना डफडे वाजवणे हे गावगाड्याने लादलेले काम होते आणि त्याचा मोबदला भाकरतुकडा. बाबासाहेबांनी गावकीची कामे टाकून द्या म्हणून सांगितले, त्यात मेलेले ढोर ओढण्याबरोबर हा वाजवण्याचा मिंधेपणाही आपोआप आला. ज्याने मान खाली घालून वाजवले, त्याने मान वर केल्यावर पहिल्यांदा बोलायचे असते. म्हणून शब्द पुढे आला.

जाणकार वाचक इथे मला अडवील. डफडे महारांकडे नव्हते, बहुतेक गावांत ते मातंगांकडे होते. भीमगीत मुख्यतः पूर्वाश्रमीच्या महारांनी घडवले. मग टाकून दिले म्हणता ते त्यांचे होतेच कुठे? आक्षेप रास्त आहे, पण त्याने माझे म्हणणे मोडत नाही, अधिक टोकदार होते. जातींनी श्रमांची वाटणी केली तशी वाद्यवृंदाचीही केली. कुणाकडे डफडे, कुणाकडे संबळ, कुणाच्या पायात चाळ, कुणाकडे वीणा. आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या वाद्याचा विटाळ. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकात वेगवेगळ्या जाती-धर्मांचे गळे एकत्र आले हे खरे, पण ते मुंबईच्या गिरणगावात. खेड्यात हे जुळणे अवघड होते. फंकला लागतो तो असा वाद्यवृंद, जिथे ढोलवाला शब्दवाल्याच्या खालच्या पायरीवर बसत नाही. मेंफिसमधल्या स्टॅक्स कंपनीच्या घरच्या वाद्यवृंदात, वर्णभेदाच्या ऐन काळात, दोन काळे आणि दोन गोरे वादक एकत्र वाजवत होते. ओटिस रेडिंगच्या गाण्यांमागे तेच आहेत. यावर कुणी म्हणेल, ब्राऊनच्या वृंदात तरी कसली समता होती? नव्हतीच. म्हणून तर १९७० मध्ये पैशांवरून त्याचे बहुतेक वादक त्याला सोडून गेले आणि त्याने सिनसिनाटीहून बूट्सी कॉलिन्सची पोरे बोलावून घेतली. फरक इथेच आहे. ती नोकरी होती, सोडता येत होती. गावकी सोडणाऱ्याला गाव जगू देत नसे.

शब्दाच्या या थोरवीला पुढे साहित्यिकांनी आणखी पक्के केले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. तोपर्यंत जेम्स ब्राऊनचे, काळे असण्याचा अभिमान मोठ्याने सांगायला लावणारे १९६८ चे गाणे चार वर्षांचे झाले होते. पण आपल्याकडे काळ्या अमेरिकेचे जे आले ते पुस्तकांतून. ‘अस्मितादर्श’च्या पिढीने निग्रो साहित्य जीव लावून वाचले, जनार्दन वाघमारे यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची तुलना कुणाकुणाशी झाली. तबकड्या कुणी ऐकल्या नाहीत. ऐकल्या असत्या तर ढसाळांच्या ओळींची धाव आणि फंकचा ठेका यांचे जवळचे गोत्र निदान कुणाच्या ध्यानात आले असते. भीमगीतावरचे आपले बहुतेक लेखनही कवितेवरच्या लेखनासारखे आहे. त्यात यमक आहे, प्रतिमा आहे, विचार आहे, पण ढोलकीवाला कोणत्या जागी काय वाजवतो याची एक ओळ सापडत नाही.

अशा वेळी डीजे आला, आणि समीक्षकांच्या मनातली जुनी पायरी पुन्हा जागी झाली. शब्द बुडाले, नुसता दणदणाट उरला, अशी तक्रार. दणदणाटाने छातीत धडधड होते, म्हाताऱ्यांना त्रास होतो, ही तक्रार मला मान्य आहे. कलेची तक्रार मान्य नाही. डीजेच्या आधी ऑक्टापॅड आला होता, त्याकडे नीट पाहा. गायनपार्टीच्या मंचावर एका कोपऱ्यात तो स्टँडवर तिरपा बसवलेला असतो. वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार रबरी चौकोन. एकात ढोलकीची थाप, शेजारी हलगीची कडकड, खाली ताशा, त्यापलीकडे परदेशी ड्रम. दोन काठ्या घेतलेला पोरगा या सगळ्यांवरून सारख्याच हक्काने फिरतो. त्या रबराला चामड्याचा वास नाही, म्हणून जातही नाही. जे डफडे आजोबांनी किंवा शेजारच्या वाड्यातल्या कुणाच्या आजोबांनी लाचारीने वाजवले, ते इथे विटाळाविना परत आले. मिरवणुकीत नाचणारी पोरे शब्द विसरलेली नाहीत, ते त्यांना पाठच आहेत. त्यांना जे पहिल्यांदा मिळते आहे ते ठेक्यावर सगळा रस्ता आपला करण्याचे सुख.

माझा आक्षेप वेगळा आहे. ऑक्टापॅडवाल्यापाशी निदान हात होते. डीजेच्या गाडीवर वादक कुणीच नाही. तयार गाण्याचे धृपद उचलायचे, त्याखाली एकच तयार ठोका घालायचा, आणि सिनेगीताला जो ठोका तोच भीमगीताला. म्हणजे ठेका पुढे आला, पण घडला नाही. फंकमधले ठोके तालमींत घासून निघाले होते. क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये वाजवलेला काही सेकंदांचा एक तुकडा पुढे असंख्य रॅप गाण्यांखाली लागला, कारण त्या तुकड्यात एका माणसाच्या मनगटाची ओळख होती. चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या कास्टलेस कलेक्टिव्हने पराई, गाना, गिटार आणि रॅप एका मंचावर आणले. पराई म्हणजे तिथले डफडेच, मयतीचे; गाना म्हणजे तिथल्या वस्त्यांतले गाणे. मराठीत असा वृंद उभा राहायला लागणारे सगळे सामान आहे. कडूबाई खरात एका एकतारीवर गातात तेव्हा सोलचा गळा म्हणजे काय हे शिकवायला डेट्रॉइटहून कुणाला बोलवावे लागत नाही. त्या गळ्यामागे हलगी, बेस आणि ढोलकी यांचा वृंद कसा वाजेल, हे कुणी अजून नेटाने करून पाहायचे आहे.

आणि एक साधी गोष्ट तर आजच होण्यासारखी आहे. मोटाउन कंपनीने आपल्या फंक ब्रदर्सची, म्हणजे शेकडो गाण्यांमागच्या वादकांची नावे वेष्टनावर छापली ती १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ वर. त्याआधी वर्षानुवर्षे ते निनावी वाजवत राहिले. स्टबलफील्डला तर त्याच्या तुकड्याचे मानधन मिळालेच नाही. आपल्याकडे कॅसेटच्या वेष्टनावर गायक असे, गीतकार असे, कंपनी असे, आणि अखेरीस निर्मात्याचा फोटो. आता यूट्यूबवर कित्येकदा गीतकारही गळून पडतो. ढोलकीवाल्याचे नाव तिथे लिहायला जागा कमी नाही.