बीडीडी चाळ: वारसा नेमका कशात?

मुंबईच्या बीडीडी चाळी पाडायला घेतल्या तसे हळहळणारे लेख भराभर आले. बहुतेकांत तेच: चाळसंस्कृती, गॅलरीतल्या गप्पा, गणपती, वाटीभर साखर. हे मूल्यमापन मला अपुरं वाटतं, आणि थोडं चुकीचंही. कारण बीडीडी चाळीला गॅलरी नाहीच! ती गिरगावच्या चाळींना. इथे मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले. म्हणजे एका इमारतीत 80 खोल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. (डॉ. आंबेडकर राहिले ती परळची चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे बीआयटी. पुष्कळ लोक या दोन्हींची गल्लत करतात.)

मग वारसा कशात? माझ्या मते काँक्रीटमध्ये आणि हिशेबात. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याने दोन मोठी कामं अंगावर घेतली: बॅकबेला समुद्र हटवून जमीन काढणं आणि कामगारांसाठी घरं बांधणं. घरांसाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. उद्दिष्ट 50 हजार खोल्यांचं. झाल्या सुमारे 16 हजार, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारतींत. भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. सुरुवातीला धड खिडक्याही नव्हत्या, आणि कितीतरी खोल्या भाडेकरूंअभावी रिकाम्या पडून होत्या. सरकारने कामगाराला किती हवा, किती उजेड पुरेल असं ठरवलं होतं, ते इथे मोजून बघता येतं. असा कागद दफ्तरात सापडला तर आपण जपून ठेवू ना?

गंमत बघा, त्याच खात्याच्या बॅकबे भरावावर पुढे मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उठल्या. त्याही काँक्रीटच्याच. 2018 साली त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. पण दर्शनी भाग देखणा असला की वारसा, नसला की जुनाट बांधकाम, ही फुटपट्टी इंजिनिअरला पटत नाही.

तरी सगळ्या चाळी ठेवा असं मी म्हणणार नाही. दगड-चुन्याची भिंत तुकड्यातुकड्याने दुरुस्त होते. शंभर वर्षांच्या काँक्रीटचं तसं नाही: खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते, वरचं काँक्रीट उडवून लावते, वरून गिलावा केला तरी गंज आत चालूच. शिवाय 160 फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला 500 फुटांचं घर मिळत असताना त्याला वारशाचं प्रवचन देणारे आपण कोण?

पण एखादी इमारत तरी आतल्या बोळासकट ठेवावी, नुसता दर्शनी भाग नको. आणि बाकीच्या पाडण्याआधी मोजमापाचे नकाशे, काँक्रीटचे नमुने, सळयांचे व्यास, अंतरं यांची नोंद व्हायलाच हवी. इंदूरला मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या आसपासच्या कामगारवस्त्यांचंही हेच काम आहे. वाडे आणि छत्र्यांचे फोटो आपल्याकडे ढिगाने आहेत. कामगाराच्या खोलीचा मापासहित नकाशा कुणी काढलाय का?